पांढरगढीचं दार

किन्हीराजाला रतनलालचं किराणा दुकान आहे. तिथं बबनराव महिन्यातून एकदा तेल आणायला जात. खायचं नव्हे, एरंडीचं. काचेची चपटी बाटली, तिच्या गळ्याला सुतळीचं कडं. ते बोटात अडकवलं की बाटली लोंबकळत येते आणि हात मोकळा राहतो. त्या दिवशीही ते असेच गेले होते. वैशाखाचं ऊन होतं. दुकानात पंखा घरघरत होता आणि रतनलाल धण्याच्या पोत्यावर कोपर टेकून बसला होता.

"या, दारवाले!" तो म्हणाला. "संपलं का तेल?"

"संपलं बुवा."

"बबनराव, भिताडं गेले, छप्पर गेलं, देशमुख गेले अन् त्याईचे घोडेबी गेले. अन् तुमी आपले दाराले तेल देऊन राह्यले! कायले?"

"कुरकुरते ना."

"कुरकुरू द्या की. कोणाची झोपमोड होऊन राह्यली तथी?"

बबनराव हसले. त्यांना उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागायचा. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे शब्द मनात नीट लावून घ्यावे लागत. बाटली उन्हाकडे धरून त्यांनी आतलं तेल पाहिलं आणि मग म्हणाले, "माह्या बापानं देल्लं, आज्यानं देल्लं. आपण काहून थांबाव?"

रतनलालनं हात जोडले आणि त्यांना एक बिस्कीट दिलं.

जीप फाट्यापर्यंत येते. पुढं पाऊण तास पायी. बबनराव सावकाश चालणारे, त्यांना तास लागे.

पांढरगढी म्हणजे काही मोठं गाव नाही. सत्तावीस उंबरे, एक हापशी, एक पिंपळ, आणि एक शाळा, तिच्यात यंदा पाच लेकरं. गावापेक्षा गढीच मोठी. फाट्यावरून पाहिलं तर आधी गढी दिसते, पांढऱ्या मातीचा डोंगरच जणू, आणि तिच्या पायाशी गाव असं बसलेलं, जसं म्हशीच्या सावलीत रेडकू.

ती कधी बांधली ते आज कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणतं एलिचपूरला सुलतान होते तेव्हाची, कोणी म्हणतं त्याच्याही आधीची. लिहिलेलं कुठं काही नाही. जे आहे ते मातीत आहे. एका देशमुखानं ती बांधवली आणि गावातल्या प्रत्येक घरानं रोज एक टोपलं माती वाहिली, एवढं सांगतात. बाया माती तुडवायच्या, तेव्हा बांगड्या फुटायच्या, त्या तशाच भिंतीत जायच्या. आजही भिंत उकरली की हिरव्या-काळ्या काचा निघतात. ज्वारीचे जळके दाणे निघतात. कधी मातीत रुतलेल्या बोटाची खूण निघते, आणि आपलं बोट त्यात घातलं तर बरोबर बसतं. चार बुरूज होते, त्यातला दीड उरलाय. देशमुखाच्या घराच्या जागी बोरी माजल्यात. धड उभं असेल तर ते दार.

सागाचं दार, दीड पुरुष उंच. दोन फळ्या. एक फळी कधीची जमिनीत रुतून बसली. दुसरी अजून फिरते, तिलाच ते तेल.

आता दाराची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

रोज दिवेलागणीला बबनराव दाराशी जात. शेतांकडं तोंड करत, हाताचा द्रोण तोंडाशी धरत आणि तीनदा हाक देत, "कोणी राह्यलं का बाहेर? असल तं आत या...!" तिसऱ्या हाकेनंतर एक पान चघळून होईल इतका वेळ थांबत. मग फळी ओढून घेत, बाहेरून साखळी अडकवत आणि घरी जात. पूर्वी सगळं गाव रात्री गढीत जाई, तेव्हा दार लावणारा आत असे. आता आत कोणी राहत नाही, म्हणून लावणारा बाहेर उभा राहतो. एवढाच फरक. आणि हाक देताना आत वळून पाहायचं नाही. आतला माणूस सुखरूप आहे असं धरूनच चालायचं. काळजी बाहेरच्याची.

आणखी एक नियम होता. एकदा दार लागलं की पहाटेपर्यंत उघडायचं नाही. दार लागल्यावर ओ आली, तर ती माणसाची नाही. तिला उत्तर द्यायचं नाही, पाठ फिरवून घरी यायचं. बबनरावांच्या घरात पोराला बोलता यायच्या आधी हे शिकवत.

हे कशामुळे, त्याची गोष्ट गावात अशी सांगतात. एका वर्षी लुटारूंची टोळी आली. धूळ दिसली तशी माणसं शेतातून गढीकडं पळाली. गावाचा येसकर, म्हणजे वेशीबाहेर राहणारा राखणदार, तेव्हा वेशीबाहेरच्या टेकाडावर उभा राहून एकेकाला हाका मारत होता. 'चला आत, चला आत.' म्हातारे आले, गुरं आली, ओल्या बाळंतिणी आल्या. बबनरावांचा कोणी पूर्वज दाराशी होता. त्यानं तीनदा हाक दिली. ओ आली नाही. मग त्यानं दार लावलं. सकाळी उघडलं तर येसकर दारापाशीच पडलेला. तेव्हापासून हाक द्यायची.

ही झाली गावाची गोष्ट. पण बबनरावांना आणखी एक माहीत होतं.

बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांचा आजा गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि नातवाचं मनगट धरलं. म्हणाला, "बबन, ओ आली होती."

"कोणाची, आबा?"

"येसकराची. तीन डाव आली. थापा मारल्या त्यानं दारावर. आपल्या माणसाचा हात अडसरावर होता. तं आतून कोणी म्हणे, 'तो तं बाहेरचाच हाय.' ...अन् आपल्या माणसानं अडसर काढला नाई." आज्यानं मनगट आणखी घट्ट धरलं. "घरात हे एकाले सांगायचं असते. मी तुले सांगलं."

फिरत्या फळीच्या बाहेरच्या अंगाला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, तळहाताएवढा एक काळा गुळगुळीत डाग आहे. सगळं लाकूड खडबडीत, तेवढीच जागा आरशासारखी. गावात म्हणत, हत्तीनं अंग घासलं असेल. पौषाच्या थंडीतही ती जागा कोमट असते, असंही म्हणत. बबनरावांनी सत्तर वर्षांत साऱ्या दाराला तेल लावलं, पण त्या जागेला कधी हात लावला नव्हता.

येसकराच्या घराण्यातला आज एकच तरुण गावात होता, प्रसेनजित. त्याच्या पणज्यानं येसकराची काठी चुलीत घालून वर चहा ठेवला होता, असं तो अभिमानानं सांगे. वाशीमला मोटारी दुरुस्त करायचं शिकून तो परत आला होता, लग्न ठरलं होतं आणि घरकुल मंजूर झालं होतं. जोतं भरायला पांढऱ्या मातीसारखी माती नाही. ग्रामपंचायतीनं गढीच्या आतल्या बाजूची पडीक माती न्यायला परवानगी दिली. म्हणून वैशाखात प्रसेनजित टिकास घेऊन गढीत उतरला. त्याच्यासोबत दोन बाया होत्या, चंदाबाई आणि बबनरावांची सून मंजुषा. मंजुषाच्या जोत्याला त्यानं आदल्या वर्षी माती वाहिली होती, आता ती त्याच्या जोत्याला वाहत होती. गावात अशीच फेड चालते.

किन्हीराजाहून परतताना बबनराव दारातच थांबले. आत तिघं कामाला होती. उरलेल्या बुरुजाच्या पायात त्यांनी चांगली खोल कपार पाडली होती. वर माती लोंबत होती. चारच दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस येऊन गेला होता आणि भिंतीला वरून खालपर्यंत ओलीची काळी रेघ उतरली होती.

"पोरा, खालून नोको खांदू," बबनराव म्हणाले. "वरून घे."

"आबा, वरची माती निबर हाय. खालची लोण्यावानी येते."

"लोणी खाली सांडते, लेका."

चंदाबाई घमेलं डोक्यावर घेत हसली. "आबा, याले घाई हाय. नवरी येऊन उभी राहीन अन् याचं जोतंच नसन!"

"तिले काय, तुमच्या ओसरीत बसवतो," प्रसेनजित म्हणाला. मग बाटलीकडं पाहून त्यानं डोळे मिचकावले. "आबा, एक सांगा. एवढे वर्सं हाका मारून राह्यले तुमी. कोणी ओ देल्ली का कधी?"

बबनरावांचं बोट सुतळीच्या कड्यात होतं. ते कडं त्यांनी थोडं फिरवलं.

"नाई," ते म्हणाले.

"देल्ली तं काय करान?"

मंजुषानं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. सासऱ्याची थट्टा तिला खपत नसे. बबनरावांनी मनात शब्द लावायला घेतले, पण त्या दिवशी ते लागलेच नाहीत.

दिवेलागणी झाली. भाड्याचा ट्रॅक्टर शेवटची खेप घेऊन गेला, त्यामागून बाया घमेली उपडी घेऊन निघाल्या. बबनराव दाराशी आले तेव्हा त्या समोरून येत होत्या.

"झालं का व काम?"

"झालं मामाजी," मंजुषा म्हणाली. "आत कोणी नाई आता."

"प्रसेनजित?"

"ट्रॅक्टरवर बसून गेला असन. त्याचं घरच तर भरून राह्यलो."

बाया गेल्या. सूर्य बुडाला होता, पण उजेड रेंगाळत होता. गढीची माती अशा वेळी स्वतःच थोडी उजळते. धुराचा वास येत होता, आणि त्यात ओल्या मातीचा वास, जुनी विहीर उपसताना येतो तसा. बबनरावांनी शेतांकडं तोंड केलं.

"कोणी राह्यलं का बाहेर? असल तं आत या...!"

टिटवी ओरडत गेली. त्यांनी दुसरी हाक दिली. मग तिसरी. पान चघळून संपवलं. आत वळून पाहायची रीत नव्हती, म्हणून पाहिलं नाही. फळी ओढली, साखळी अडकवली.

प्रसेनजित आतच होता. आणखी दोन घमेली माती निघेल म्हणून तो कपारीत परत शिरला होता, कानात गाण्याच्या वायरी खुपसून. हाक त्याला ऐकूच गेली नाही.

बबनराव दहा पावलं आले असतील. मागं आवाज झाला. मोठा नाही. भरलेलं पोतं जमिनीवर ठेवावं तसा, दबका. त्यांनी मान वळवली. दाराच्या फटीतून पांढरी धूळ हळूहळू बाहेर येत होती, दारामागं कोणी चूल पेटवल्यासारखी. बुरुजाची एक कड आता दिसतच नव्हती. गाव शांत होतं. कुत्रंही भुंकलं नाही.

आणि मग थाप पडली.

एक... थांबून दुसरी... मग तिसरी. उघड्या तळहाताची, लाकडावर.

सत्तर वर्षं ज्याची भीती बाळगली ते हेच. दार लागलं होतं. आता जे येईल ते माणसाचं नव्हे. पाठ फिरवायची आणि घरी जायचं. पाय वळलेसुद्धा.

"राह्यला..."

आवाज कोरडा होता, दिवसभर ओरडून घसा बसलेल्या माणसाचा असतो तसा.

"एक... राह्यला..."

ते तसेच पाठमोरे उभे राहिले. आज्याचं मनगटावरचं बोट त्यांना आठवलं. तेव्हाही कोणीतरी असाच उभा असेल, त्यांच्या मनात आलं. हात अडसरावर, कान दाराकडं. आणि त्याला कोणीतरी सांगितलं असेल, की ही ओ तुझ्यासाठी नाही.

बबनराव वळले आणि दाराकडं चालू लागले. दहा पावलांना त्यांना फार वेळ लागला. दाराजवळ आले तेव्हा पुन्हा थापा सुरू झाल्या, आणि तेव्हा त्यांना कळलं. थापा दाराच्या आतून पडत नव्हत्या. बाहेरून पडत होत्या. त्यांच्या डाव्या हाताशी, खांद्याच्या उंचीवर, त्या काळ्या डागावर. तिथं कोणीही नव्हतं. फळीवरची धूळ मात्र प्रत्येक थापेला उडत होती.

त्यांच्या कानाजवळ कोणीतरी श्वास घेतला.

"आत... एक राह्यला, बापा... उघड."

बबनरावांनी साखळी काढली. कडी दोनदा हातातून निसटली. फळी ढकलली तर हलेना. आतून माती येऊन टेकली होती. त्यांनी खांदा लावला. म्हाताऱ्या खांद्यानं काय होणार? पाय घसरत होते, छाती भरून आली होती. मग शेजारी दुसरा एक खांदा लागला. हे त्यांनी पुढं कोणालाही पटवायचा प्रयत्न केला नाही. फळीवरचा भार अर्धा झाला, एवढंच ते सांगत. कोणाच्या तरी घामाचा, घोंगडीचा वास आला. आणि तेल दिलेलं दार आवाज न करता आत सरकलं. एक माणूस आडवा होऊन जाईल इतकं.

आत सगळं पांढरं होतं. कपारीच्या जागी मातीचा ढीग, आणि ढिगातून एक हात बाहेर आलेला. बोटांत घमेल्याची कड.

"मंजुषा...! चंदाबाई...! धावा वो!"

एवढ्या मोठ्यानं ते जन्मात ओरडले नव्हते. बाया धावत आल्या, मागून आणखी माणसं. बबनराव तोपर्यंत गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती उकरत होते. चेहरा उघडा पडला. डोळे मिटलेले, पण नाकपुड्या हलत होत्या. चौघांनी काखेत हात घालून त्याला ओढलं आणि दाराबाहेर आणून टाकलं. तेवढ्यात आत उरलेला बुरूज बसला. या वेळी आवाज मोठा झाला आणि सगळं गाव मिनिटभर धुळीत दिसेनासं झालं.

दवाखान्यात दोन बरगड्या मोडल्याचं निघालं, बाकी काही नाही. डॉक्टर पुन्हापुन्हा एकच विचारत होता. हा एवढा वेळ मातीखाली होता, तर याच्या नाकातोंडात माती कशी नाही?

आठ दिवसांनी प्रसेनजित घरी आला. लिंबाखाली बाज टाकून पडला होता. बबनराव गेले, उशाशी बसले.

"आबा," प्रसेनजित म्हणाला, "तुमी माह्या तोंडावर हात धरला होता ना?"

"मी मातीच्या बाहेर होतो, पोरा."

"मातीतच कोणी धरला होता. असा, ओंजळीवानी. निबर हात. श्वास घ्यायले जागा राह्यली त्याच्यानं. अन् म्हणे, 'घाबरू नोको लेकरा, दार उघडन. या डाव उघडन.'" त्यानं हसायचा प्रयत्न केला, बरगडी दुखली. "मी म्हटलं तुमीच असान. तुमच्यावानीच सावकाश बोले."

बबनरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. शब्द लावले. या वेळी ते लागले.

"प्रसेनजित, आमच्या घरची एक गोष्ट तुले सांगाची हाय. आमी गावाले खोटी सांगलेली. त्या डाव येसकरानं ओ देल्ली होती. तीन डाव. आमच्या माणसानं आयकली, अन् दार उघडलं नाई."

प्रसेनजितनं त्यांच्याकडं मान वळवली.

"माहीत हाय, आबा," तो म्हणाला.

"माहीत हाय?"

"माही आजी सांगे. तिले तिच्या सासूनं सांगलेलं. ती म्हणे, त्या घरचं माणूस एक दिवस आपल्या दारी येऊन हे सोताच्या तोंडानं सांगन. तवरोक काई बोलू नोका. ...तिले वाटे, तिच्या जितेपणीच सांगान. लय वाट पाह्यली तिनं तुमची."

बबनरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. प्रसेनजितनं बाजेवरून हात पुढं केला आणि त्यांच्या गुडघ्यावर, टोपीवर ठेवला.

"रडू नोका. चहा घ्या. आई, आबाले चहा ठेव वं!"

त्यानंतर कोणी गढीची माती खणली नाही. प्रसेनजितचं जोतं गावानं नाल्याच्या मुरमानं भरून दिलं. त्याला काठी टेकत चालता यायला लागलं तेव्हा एका संध्याकाळी तो स्वतःहून दाराशी आला. बबनराव हाकेच्या तयारीत उभे होते.

"मी देऊ का आज?"

"दे की. दोघं मिळून देऊ."

दोघांनी शेतांकडं तोंड केलं. एक म्हातारा आवाज, एक तरणा. तीन हाका झाल्या. मग बबनरावांनी पान काढलं, अर्धं त्याला दिलं. उजेड रेंगाळत होता. आणि बबनरावांनी जन्मात पहिल्यांदा, हाकेनंतर, आत वळून पाहिलं. बोरी, मातीचे ढीग, बाकी काही नाही. पण तिथून, अगदी शांत, जेवून ओसरीत टेकलेल्या माणसानं बोलावं तसा आवाज आला.

"मी आलो आत."

प्रसेनजितच्या हातातून काठी पडली. त्यालाही ऐकू आलं होतं. बबनराव साखळीकडं हात नेत होते.

"दार नोको लावू," तो आवाज म्हणाला. "एक यायचं हाय."

दोघांनी कान दिला. नंतर आवाज आला नाही.

"कोण यायचं हाय, आबा?"

"तुह्या आजीच्या गोष्टीत आणखी कोणी होतं का?"

"नाई. तुमच्या आज्याच्या?"

"नाई."

बबनरावांनी दाराच्या बाहेरच्या अंगाला जाऊन त्या काळ्या डागावर तळहात ठेवला. तो पहिल्यांदाच. लाकूड गार होतं, बाकी दारासारखंच. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली वाकले. सत्तर वर्षं उभ्यानंच तेल दिलं होतं, खालचा भाग बोळा फिरवून व्हायचा. वाकून त्यांनी पाहिलं. माणसाच्या कमरेखाली, धुळीत दडलेला, आणखी एक गुळगुळीत डाग होता. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, चिमुकल्या तळहाताएवढा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

तो कोमट होता.

"येसकर एकटा नोता, पोरा," ते खाली बसूनच म्हणाले. "त्याच्या बोटाले धरून कोणी होतं."

त्या दिवसापासून पांढरगढीचं दार वीतभर उघडं असतं. हाक रोज होते, पण आता बबनराव आणि प्रसेनजित ती हळू आवाजात देतात. जवळच कोणी असावं आणि ते बुजू नये, तशी. प्रयागबाई, बबनरावांची बायको, आधी रागावली. म्हणाली, "अवो, उघड्या दारातून काय येईन अन् काय नाई!" पण एकदा सगळं ऐकल्यावर तिनं स्वतःच उंबऱ्याजवळची काटेरी झुडपं कोयत्यानं साफ केली. पायात रुतायला नकोत म्हणून.

महिना झाला तसे बबनराव किन्हीराजाला गेले. बाटली पुढं केली.

"बबनराव!" रतनलाल म्हणाला. "आयकलं म्या, तुमी दार लावणंच बंद केलं. मंग आता तेल कायले?"

"उघडतानी कुरकुरू नये म्हणून."

"उघडणार कोण?"

बबनरावांनी बाटली उन्हाकडं धरली. "लेकरू हाय. दचकन," ते म्हणाले. "अन् शेठ, तेवढा एक गुळाचा खडा द्या. पिवळा पाहून."

रतनलाल हसणार होता. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात थट्टेला जागा नव्हती. त्यानं भेलीतला चांगला खडा फोडला, कागदात बांधला आणि मुकाट पुढं केला.

तो खडा बबनराव रोज संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर ठेवतात. वैशाख सरला, मृगाच्या मुंग्या निघाल्या, गावभर रांगा लागल्या. पण उंबऱ्यावरच्या गुळाला मुंगी लागत नाही. सकाळी तो तिथंच असतो, ठेवला तसा.

फक्त एका बाजूनं ओला असतो.